बदामावरचा रिसर्च कसा वाचायचा

"रोज बदाम खा, कोलेस्टेरॉल उतरतं" असं कुठेतरी वाचलं की लोक एकतर लगेच विश्वास ठेवतात नाहीतर हे सगळं मार्केटिंग आहे म्हणून सोडून देतात. मला दोन्ही पटत नाही, कारण गेल्या तीसेक वर्षांत बदामावर खरंच चांगलं काम झालंय आणि ते वाचायला डॉक्टर असायची गरज नाही, फक्त प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारायचा, की बदाम खाल्ले तेव्हा त्यांच्या जागी दुसरं काय खाल्लं नाही? बाकीचं सगळं या प्रश्नाच्या आजूबाजूला येतं.

आधी बघा अभ्यास बदामाचा आहे का सगळ्या नट्सचा. 1992 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा युनिव्हर्सिटीच्या गॅरी फ्रेझर यांच्या टीमने साधारण 31 हजार अ‍ॅडव्हेंटिस्ट (एक ख्रिस्ती पंथ) लोकांचा डेटा मांडला, आठवड्यात चारपेक्षा जास्त वेळा नट्स खाणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅकने मरण्याचं प्रमाण क्वचित खाणाऱ्यांच्या जवळपास निम्मं निघालं. तोपर्यंत नट्स म्हणजे नुसती चरबी अशीच बऱ्याच जणांची समजूत होती, त्यामुळे या आकड्याने लोक जागे झाले. मग 1998 ला अमेरिकेतल्या 86 हजार नर्सेसच्या अभ्यासातही तसंच दिसलं, आठवड्याला पाच औंस म्हणजे साधारण 140 ग्रॅम किंवा जास्त नट्स खाणाऱ्या बायकांना हृदयविकाराचा धोका सुमारे 35 टक्के कमी. पण हे दोन्ही निरीक्षणाचे अभ्यास आहेत, कोणाला काही खायला दिलेलं नव्हतं, लोक आपापलं खात होते आणि संशोधक नोंद ठेवत होते. नट्स खाणारा माणूस सिगरेट कमी ओढत असेल, व्यायाम जास्त करत असेल, हे गणितात धरतात पण पूर्ण धुवून निघत नाही. म्हणून अशा अभ्यासातून "संबंध दिसतो" एवढंच घ्यायचं, "बदामामुळे झालं" असं नाही.

आता ट्रायल, म्हणजे जिथे खरंच खायला दिलं. माझ्या मते सुरुवात इथूनच करावी आणि पहिला पेपर 2002 चा टोरंटोच्या डेव्हिड जेनकिन्स यांचा घ्यावा (ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे कुठल्या अन्नाने रक्तातली साखर किती वाढते याचं माप, ही कल्पना आणणारे तेच). कोलेस्टेरॉल वाढलेले 27 जण, प्रत्येकाने तीन वेगवेगळे महिने काढले, एका महिन्यात रोज सुमारे 73 ग्रॅम बदाम, एकात 37 ग्रॅम बदाम आणि अर्धे मफिन, एकात नुसते मफिन (छोटे केक). एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, पूर्ण डोसवर 9.4 टक्के आणि अर्ध्यावर 4.4 टक्के उतरलं. डोस वाढला तसा परिणाम वाढला, ही फार मोलाची खूण आहे, योगायोगाने असं सहसा होत नाही. टक्केवारी आली की ती स्वतःच्या आकड्यावर बसवून बघायची, एलडीएल 160 असेल तर 9.4 टक्के म्हणजे 15 आणि 4.4 टक्के म्हणजे 7, एवढाच फरक, म्हणजे बदाम औषधाची जागा घेत नाहीत हे तुम्हाला आपोआप कळतं. आणि ग्रॅमचे बदाम करा, 28 ग्रॅम म्हणजे साधारण 23 बदाम, त्या हिशोबाने 73 ग्रॅम म्हणजे जवळपास 60. पाच-सहा बदाम खाऊन या पेपरचा हवाला द्यायचा नाही.

आता परत तो प्रश्न, जागी काय होतं? मफिन. 2015 मध्ये पेन स्टेट युनिव्हर्सिटीच्या टीमनेही 48 लोकांना सहा आठवडे रोज 42.5 ग्रॅम बदाम आणि सहा आठवडे तितक्याच कॅलरीचा केळ्याचा मफिन दिला, बदामाच्या काळात एलडीएल मफिनपेक्षा सुमारे 5 पॉइंट कमी होतं. म्हणजे मफिनच्या जागी बदाम आले तर फायदा, हे नीट सिद्ध झालंय, पण रोजचं सगळं जेवण तसंच ठेवून वरून मूठभर बदाम टाकले तर काय होईल हे या पेपरांनी तपासलेलंच नाही. बातम्यांमध्ये नेमकी हीच गोष्ट गळते आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

कॅलरीची गोष्ट मला सगळ्यात आवडते. पाकिटावरचा आकडा आजही अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्बर अ‍ॅटवॉटर यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पद्धतीने काढतात, प्रोटीन आणि कार्बला ग्रॅममागे 4 आणि फॅटला 9. त्या हिशोबाने 28 ग्रॅम बदामात 170 च्या आसपास कॅलरी येतात. 2012 मध्ये अमेरिकन कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिलच्या सेंटरने 18 लोकांना मोजून बदाम दिले, त्यांची लघवी आणि शौच गोळा करून त्यातली ऊर्जा मोजली, आणि शरीराला मिळालेल्या कॅलरी निघाल्या 129. कारण बदामाच्या पेशींच्या भिंती चावून सगळ्या फुटत नाहीत, आतलं तेल तसंच बाहेर जातं. याच टीमने 2016 ला दाखवलं की अख्ख्या कच्च्या बदामातून कमी कॅलरी मिळतात, भाजलेल्या आणि तुकडे केलेल्यातून थोड्या जास्त, आणि बदाम बटरमधून जवळपास पाकिटावर लिहिलेल्या तेवढ्याच. म्हणून पेपरमध्ये बदाम कुठल्या रूपात दिला हे जरूर शोधा. 2012 च्या पेपरची बातमी "32 टक्के चूक" म्हणूनही येते आणि "24 टक्के कमी कॅलरी" म्हणूनही, दोन्ही बरोबर आहेत, पहिल्यात 129 ने भागलंय, दुसऱ्यात 170 ने.

पैसे कोणी दिले ते पेपरच्या शेवटी लिहिलेलं असतं. बदामाच्या बऱ्याच ट्रायल्सना आल्मंड बोर्ड ऑफ कॅलिफोर्नियाने पैसे दिलेत, वरचा 2012 चा कॅलरीवाला अभ्यास धरून. तेवढ्यावरून पेपर फेकून देऊ नका, मोजलेलं एलडीएल पैसे देणाऱ्याच्या सांगण्यावरून बदलत नाही, पण तुलनेला काय ठेवायचं हे अभ्यास आखतानाच ठरतं, तिथे जास्त बारकाईने बघा.

आणि 2003 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषधांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) नट्ससाठी जे वाक्य पाकिटावर छापायला परवानगी दिली ते एकदा शब्दाशब्दाने वाचा: बहुतेक प्रकारचे नट्स रोज दीड औंस (साधारण 42 ग्रॅम), कमी सॅच्युरेटेड फॅट आणि कमी कोलेस्टेरॉलच्या आहाराचा भाग म्हणून, हृदयविकाराचा धोका कमी करू शकतात असं पुरावा सुचवतो, पण सिद्ध करत नाही. "आहाराचा भाग म्हणून" हे शब्द जाहिरातीत किती बारीक छापलेत ते आधी बघा.