पुढच्या स्क्रीनवर गेलो तरी मेमरी का सुटत नाही? फ्रॅगमेंटचे व्ह्यू वेळेवर कसे सोडायचे

शॉपिंगच्या ॲपमध्ये एका वस्तूवरून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या वस्तूच्या पानावर असं पुढे पुढे जात राहिलं की ॲप जड होत जातं आणि कमी रॅमच्या फोनवर मधेच बंदही पडतं. अँड्रॉइडवर नवीन काम करणारे बरेचजण मग फोनला दोष देतात, पण बऱ्याचदा कारण आपल्याच कोडमध्ये असतं.

आधी हे नीट समजून घ्या, कारण सगळी गोम इथेच आहे. फ्रॅगमेंट (एक पान किंवा त्याचा भाग सांभाळणारा कोडचा ऑब्जेक्ट) आणि त्याचा व्ह्यू (स्क्रीनवर प्रत्यक्ष दिसणारी बटणं, लिस्ट वगैरे) यांचं आयुष्य वेगवेगळं असतं. तुम्ही रिप्लेस करून जुना फ्रॅगमेंट बॅकस्टॅकवर (बॅक दाबल्यावर परत येणाऱ्या पानांच्या थप्पीवर) टाकता तेव्हा त्याचं 'ऑनडिस्ट्रॉयव्ह्यू' चालतं पण 'ऑनडिस्ट्रॉय' चालत नाही, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं गेलं तरी फ्रॅगमेंटचा ऑब्जेक्ट मेमरीत बसलेलाच असतो आणि त्याने जर बाइंडिंग (कोडमधून व्ह्यूपर्यंत पोचवणारा ऑब्जेक्ट) धरून ठेवलं असेल तर बटणं, लिस्ट, फोटो असं व्ह्यूंचं अख्खं झाड गार्बेज कलेक्टरला (नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणाऱ्या यंत्रणेला) उचलताच येत नाही. १०८० बाय २४०० पिक्सेलचा एक फोटो, पिक्सेलमागे ४ बाइट धरले तर, साधारण १० एमबी खातो. अशी पाच-सहा पानं मागे साठली की बघा काय होतं ते.

आता करायचं काय?

१. बाइंडिंगचं व्हेरिएबल नलेबल (नल म्हणजे रिकामं राहू शकेल असं) ठेवा, 'ऑनक्रिएटव्ह्यू'मध्ये भरा आणि 'ऑनडिस्ट्रॉयव्ह्यू'मध्ये नल करा. एवढी एक ओळ लिहिली तरी बराच फरक पडतो.

२. रिसायकलरव्ह्यूचा (लांब लिस्ट दाखवणाऱ्या व्ह्यूचा) ॲडॉप्टर, म्हणजे त्या लिस्टला डेटा पुरवणारा ऑब्जेक्ट, फ्रॅगमेंटच्या फील्डमध्ये ठेवला असेल तर बाइंडिंग नल करायच्या आधी लिस्टचा ॲडॉप्टर नल करा. हे बहुतेकजण विसरतात. लिस्टला ॲडॉप्टर लावला की ॲडॉप्टरकडेही लिस्टचा धागा राहतो, त्यामुळे बाइंडिंग सोडूनही लिस्ट सुटत नाही.

३. लाइव्हडेटा (बदलला की कळवणारा डेटा) ऑब्झर्व्ह करताना 'धिस' म्हणजे फ्रॅगमेंट देऊ नका, व्ह्यूच्या आयुष्याशी बांधलेला 'व्ह्यूलाइफसायकलओनर' द्या. नाहीतर बॅक करून आलात की जुना ऑब्झर्व्हर तसाच राहतो, वर नवीन लागतो, आणि एकच टोस्ट (थोडा वेळ दिसणारा छोटा संदेश) दोनदा दिसायला लागतो. व्ह्यूला हात लावणारी कोरूटीन (मागे चालणारी कामं) पण याच ओनरच्या स्कोपमध्ये चालवा.

४. परत आल्यावर दाखवायचा डेटा व्ह्यूमॉडेलमध्ये (पानाचा डेटा व्ह्यूपासून वेगळा सांभाळणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये) ठेवा. व्ह्यू किंवा ॲक्टिव्हिटीचा (फ्रॅगमेंट ज्यात बसतात त्या खिडकीचा) कॉन्टेक्स्ट मात्र त्यात कधीच नको, कारण स्क्रीन आडवी केली की ॲक्टिव्हिटी नवीन बनते आणि व्ह्यूमॉडेल जुनंच राहतं. टाइप केलेला मजकूर हवा असेल तर एडिटटेक्स्टला (टाइप करायच्या चौकटीला) आयडी द्या, तो आपोआप परत येतो.

काहीजण व्ह्यू परत बनवायला नको म्हणून रिप्लेसऐवजी ॲड वापरतात, म्हणजे जुन्याच्या वर नवीन फ्रॅगमेंट ठेवतात, मला ते अजिबात पटत नाही, कारण खालचा व्ह्यू जिवंतच राहतो.

तपासायला स्क्वेअर कंपनीचं फुकट मिळणारं, अडकलेली मेमरी शोधणारं लीककॅनरी ग्रेडल फाइलमध्ये 'डीबगइम्प्लिमेंटेशन'मध्ये (फक्त चाचणीच्या बिल्डसाठी) टाका, वेगळा कोड लिहावा लागत नाही. मग पाच-सहा पानं पुढे जा, बॅक या, फोन आडवा करा. काही अडकलं असेल तर नोटिफिकेशन येतं, त्यावर टॅप केलं की कुणी कुणाला धरून ठेवलंय ती पूर्ण साखळी दिसते, आणि त्यात अधोरेखित केलेल्या संशयित ओळींपासून शोधायला सुरुवात करा.