थेंब तळाशी बसले म्हणजे इमल्शन फुटलं असं नाही

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये नवीन पोरं एक चूक हमखास करतात. आमचं इमल्शन म्हणजे तेलात विखुरलेले पाण्याचे बारीक थेंब, आणि तेल म्हणजे हेप्टेन, पेट्रोलसारखा द्रव. सकाळी बाटलीत वर नितळ हेप्टेन दिसलं की "मॅडम, फुटलं", म्हणजे थेंब एकत्र होऊन पाणी वेगळं झालं, असं म्हणत सगळं टाकून देतात. म्हणून एकदाचं लिहूनच ठेवते.

माझी आई दिवाळीत परातीतल्या पाण्यावर कोळशाची वस्त्रगाळ पूड भुरभुरायची आणि त्यावर रांगोळी काढायची. पूड बुडायची नाही, पृष्ठभागाला धरून राहायची. पिकरिंग इमल्शनचं, म्हणजे पुडीने थेंब टिकवलेल्या इमल्शनचं, तत्त्व तेच. इथे सिलिकाची पूड पाण्याच्या प्रत्येक थेंबाला वेढून बसते. थेंबात एन्झाइम असतं, ते आम्ल आणि अल्कोहोल जोडून एस्टर, म्हणजे फळांच्या वासाचं संयुग, बनवतं. थेंब टिकवायला साबण लागत नाही, म्हणजे त्याने एन्झाइम बिघडायची भीती नाही आणि शेवटी तो वेगळा काढायची कटकटही नाही.

सिलिका पाण्याशी थोडं फटकून वागणारी घ्या. साधी घेतलीत तर उलटंच होतं, पाण्यात तेलाचे थेंब. २० मिली हेप्टेनमध्ये ०.३ ग्रॅम सिलिका आधी पसरवा. पंखा बंद, तोंडाला मास्क. ती पिठापेक्षा हलकी असते. मग पीएच ७ च्या १० मिली फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) विरघळवलेलं लायपेज, म्हणजे आपलं एन्झाइम, घाला. होमोजिनायझर (वेगाने फिरून थेंब बारीक करणारं यंत्र) मिनिटाला १०,००० फेऱ्यांवर ३० सेकंद, मग बर्फात विश्रांती, असं चारदा. सलग चालवलंत तर एन्झाइम शिजतं. हे सगळं फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणारं कपाट), हेप्टेन चटकन पेटतं.

तयार इमल्शनचा एक थेंब हेप्टेनमध्ये टाका, एक पाण्यात. हेप्टेनमध्ये पसरला आणि पाण्यात गोळा राहिला, तर जमलं.

आता हेक्झॅनॉल आणि हेक्झॅनॉइक आम्ल घाला. आम्लाचा हात आखडता ठेवा, नाहीतर बफर हरतो आणि थेंबातला पीएच घसरतो. या आम्लाला बोकडासारखा वास येतो. एकदा हातमोजा फाटला होता, तर संध्याकाळी ठाणे लोकलच्या लेडीज डब्यात मला ऐसपैस जागा मिळाली. एस्टर तयार होऊ लागला की तोच वास फळांकडे झुकतो, पण नाकावर भरवसा नको: वरच्या तेलातून थोडं घेऊन उरलेलं आम्ल टायट्रेट करा, म्हणजे अल्कली थेंब थेंब घालून मोजा.

ढवळत बसू नका. थेंब इतके बारीक असतात की आम्ल आणि अल्कोहोल आपणहून एन्झाइमपर्यंत पोचतात.

पाणी हेप्टेनपेक्षा जड, म्हणून थेंब खाली बसणारच. उलट ते सोयीचं. वरचं तेल हळूच काढून घ्या, एस्टर त्यातच आहे. खालच्या थेंबांवर ताजं हेप्टेन, आम्ल आणि अल्कोहोल घालून पुन्हा सुरू करा. अगदी तळाशी पारदर्शक पाण्याचा थर वेगळा दिसला, तरच मला हाक मारा.