शाळेच्या मैदानावर पूर्ण मापाचा मोआ कसा आखावा

तालुका किंवा जिल्हा पातळीवरील विज्ञान प्रदर्शनात नामशेष प्राण्यांचा विषय घेतला की टेबलावर थर्माकोलचा डोडो उभा राहतो आणि त्याखाली ‘शिकारीमुळे नष्ट झाला’ एवढे एक वाक्य चिकटवलेले असते. न्यूझीलंडच्या मोआसाठी ही पद्धत अगदीच अपुरी आहे, कारण ज्या गुणांवर हा न उडणारा पक्षी दीर्घकाळ टिकला, तेच गुण माणूस आल्यावर त्याला नडले, आणि हे पटायचे तर पक्षी पूर्ण मापात समोर यायला हवा. सांगली-सातारा भागातील बहुतेक शाळांना मैदान असते, कबड्डीच्या रेषांसाठी आणलेली फक्की असते आणि सुतळी कोणत्याही किराणा दुकानात मिळते. तेवढ्या साहित्यावर हे काम एका दुपारी होते.

मोआच्या नऊ जाती मानल्या जातात. त्यांपैकी दक्षिण बेटावरील महाकाय मोआची मादी निवडावी. तिची पाठीपर्यंतची उंची सुमारे २ मीटर, मान सरळ वर ताणल्यास ३.६ मीटर आणि वजन २४० किलोच्या आसपास होते. आलेख कागदावर १ सेंटिमीटर म्हणजे २० सेंटिमीटर हे प्रमाण धरून आधी आकृती काढावी आणि तिच्यावर दर ५ सेंटिमीटरला आडव्या-उभ्या रेषा माराव्यात. मैदानावर या रेषांच्या जागी दर मीटरला खुंट्या ठोकून सुतळी ताणली की एकेका चौकोनातील रेष जशीच्या तशी उतरवता येते. जमिनीवर आधी पाणी शिंपडावे, म्हणजे फक्की वाऱ्याने उडत नाही. ती मुठीने न सोडता टोक कापलेल्या कागदी पुडीतून सोडल्यास रेष बारीक पडते.

मानेकडे विशेष लक्ष द्यावे. जुन्या संग्रहालयांत मोआचे सांगाडे मान ताठ उभी करून मांडले जात, कारण उंच पक्षी पाहायला गर्दी होते. प्रत्यक्षात मोआच्या मानेचे मणके कवटीला खालून नव्हे तर मागून जोडलेले असल्याने तो मान पुढे काढून, तिला बाक देऊन वावरत असे. म्हणून मुख्य आकृतीत डोके पाठीच्या पातळीच्या थोडे वर ठेवावे आणि ३.६ मीटरची खूण तुटक रेषेने वेगळी दाखवावी.

पंखांच्या जागी काहीही काढू नये. शहामृग आणि ईमू उडत नसले तरी त्यांना लहान पंख असतात. मोआच्या सांगाड्यात मात्र पंखांची हाडेच सापडत नाहीत. राज्यात ईमूपालनाची लाट येऊन गेलेली असल्याने पाहुण्यांपैकी कोणीतरी ईमू जवळून पाहिलेला असतो, आणि ‘पंख काढायचे राहिले का?’ हा प्रश्न हमखास येतो. उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याने सांगावे की त्या बेटांवर वटवाघळांखेरीज जमिनीवर वावरणारे सस्तन प्राणी नव्हते. मोआला भीती होती ती आकाशातून झडप घालणाऱ्या, १५ किलोपर्यंत वजनाच्या हास्ट गरुडाची. मोआ संपले तेव्हा हा गरुडही संपला.

मादीशेजारी नर आखावा. मादी नराच्या सुमारे दीडपट उंच आणि पावणेतीनपटीहून जड असे. हा फरक एवढा मोठा होता की पूर्वी अभ्यासक त्यांना वेगळ्या जाती समजत, आणि २००३ साली डीएनएच्या अभ्यासातून तो घोळ मिटला.

अंड्यासाठी फुगवलेल्या फुग्यावर कागदाचा लगदा थापून २४ सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर रुंद आकार करावा. त्याचे आकारमान सुमारे ४ लिटर भरते. कवच जेमतेम दीड मिलिमीटर जाड असे. मोआ एका वेळी एखाद-दुसरेच अंडे घालत असावा. याच्याजवळ पुठ्ठ्यावर हाडाचा आडवा छेद काढून वाढीची वर्तुळे दाखवावीत, कारण माझ्या मते साऱ्या मांडणीत हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे: आजचे शहामृग वर्षभरात जवळजवळ पूर्ण वाढतात, तर मोआच्या काही जातींच्या हाडांत अनेक वर्षांच्या वाढीच्या खुणा मिळतात. गरुडाने अधूनमधून मारलेला पक्षी अशा संथ वाढीतूनही भरून निघे. पॉलिनेशियातून, म्हणजे प्रशांत महासागरातील बेटांवरून, आलेल्या माणसांनी मोठे पक्षी मारले, अंडीही खाल्ली आणि जंगले जाळली. तेव्हा ती तूट भरून निघण्याइतका वेळच उरला नाही. माणसे येण्यापूर्वीच्या मोआच्या डीएनएत संख्या घटत चालल्याची चिन्हे दिसत नाहीत, त्यामुळे ‘हवामान बदलले असेल’ हे उत्तर येथे चालत नाही.

आता काळाची सुतळी. १ मीटर म्हणजे १०० वर्षे असे प्रमाण धरून आजच्या टोकापासून मागे मोजत चिठ्ठ्या बांधाव्यात. १८३९ साली इंग्रज शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी जेमतेम १५ सेंटिमीटरच्या हाडाच्या तुकड्यावरून महाकाय पक्ष्याचे अस्तित्व सांगितले, ती चिठ्ठी २ मीटरच्या अलीकडे येते. शिवजन्म, म्हणजे १६३०, ४ मीटरच्या आसपास. न्यूझीलंडमध्ये वस्ती झाली ती इ. स. १३०० च्या सुमारास आणि मोआ नाहीसा झाला तो साधारण १४५० पर्यंत. दख्खनमध्ये बहमनी सत्ता १३४७ मध्ये उभी राहिली, ती याच दीड मीटरच्या पट्ट्यात बसते. मोआ गटाच्या अंड्यांच्या कवचांचे सर्वांत जुने अवशेष मात्र सुमारे १.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्यासाठी १६० किलोमीटर सुतळी लागेल, म्हणजे सांगलीहून निघून साताऱ्याच्याही पुढे जावे लागेल. हे वाक्य फलकावर लिहावे आणि खाली दीड मीटरची पट्टी लाल रंगाने रंगवावी.

आपल्याकडील दुवा हवा असल्यास जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे मिळालेले, नक्षी कोरलेले शहामृगाच्या अंड्याचे कवच घ्यावे. ते सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे मानले जाते. त्याची चिठ्ठी २५० मीटरवर, म्हणजे बहुधा शाळेच्या फाटकाबाहेर जाईल. तेथवर सुतळी न नेता फाटकावर बाण काढून पुढचे अंतर लिहिले तरी चालते.