जुना मेनफ्रेम नव्या सर्व्हरवर हलवण्याची आखणी कशी करावी

कोल्हापूर भागातल्या एखाद्या साखर कारखान्याचे ऊसबिल अजून जुन्या मेनफ्रेमवर, म्हणजे सगळा हिशेब एका ठिकाणी करणाऱ्या मोठ्या संगणकावर, निघते आहे असे धरू. सुटे भाग मिळेनासे झालेत, प्रोग्राम लिहिणारे निवृत्त झालेत. नवा सर्व्हर पैसे मोजले की येतो. खरे काम आहे ते जुन्या यंत्रात मुरलेले हिशेबाचे नियम एकही न सांडता नव्या यंत्रात उतरवण्याचे.

आधी तारीख ठरवा. गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालते. ऊस नियंत्रण आदेश, 1966 प्रमाणे उसाचे पैसे 14 दिवसांत द्यायचे असतात, त्यामुळे हंगामात या यंत्राला हात लावू नका. काम उन्हाळा-पावसाळ्यात येईल. तेव्हा 2019 आणि 2021 चा पंचगंगेचा महापूर आठवा: सर्व्हर तळमजल्यावर नको, आणि बॅकअपची एक प्रत पूररेषेबाहेरच्या दुसऱ्या इमारतीत हवी.

मग यादी करा. प्रोग्रामची यादी पुरत नाही. रात्री कोणता जॉब (यंत्राला लावून दिलेले ठरावीक काम) कोणत्या जॉबनंतर चालतो, काट्यावरचे वजन कुठून आत येते, सोसायटीची कपात कशी लागते, बँकेला कोणती फाइल जाते, गटऑफिसला कोणता रिपोर्ट लागतो, हे सगळे लिहून काढा. 31 मार्चला किंवा लाभांशाच्या वेळी वर्षातून एकदाच चालणारे जॉब हमखास राहून जातात. म्हणून पूर्ण वर्षाच्या नोंदी चाळा. जुन्या ऑपरेटरना सन्मानाने बोलावून त्यांच्याशेजारी बसा. हाताशी असलेला सोर्स (प्रोग्रामचा लिहिलेला मजकूर) आणि प्रत्यक्ष चालणारा प्रोग्राम एकच आहे का, हेही तपासा. बऱ्याचदा नसतो.

वाटा तीन: कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतला तोच प्रोग्राम नव्या यंत्रावर पुन्हा कंपाइल करणे (त्या यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणे), सगळे नव्याने लिहिणे, किंवा तयार पॅकेज घेणे. माझे स्पष्ट मत पहिल्या वाटेच्या बाजूने आहे. यंत्र आणि नियम एकाच वेळी बदलले, तर बेरीज चुकल्यावर दोष कुणाचा हे सापडत नाही. आधी जसेच्या तसे हलवा, सुधारणा पुढच्या वर्षी.

सर्वांत जास्त वेळ डेटाला द्या. आयबीएमच्या मेनफ्रेमवर अक्षरे एबसिडिक संकेतात (प्रत्येक अक्षराला एक आकडा देणाऱ्या पद्धतीत) असतात, नव्या यंत्रावर बहुधा आस्की किंवा युनिकोडमध्ये. इंग्रजी मोठा ‘ए’ तिकडे 193, इकडे 65. एबसिडिकमध्ये अक्षरे आकड्यांच्या आधी लागतात, आस्कीत नंतर. त्यामुळे अक्षर-आकडे मिसळलेल्या सभासद क्रमांकांचा क्रम बदलतो आणि क्रमावर विसंबलेला प्रोग्राम चुकतो. रकमा पॅक्ड डेसिमलमध्ये असतात: एका बाइटमध्ये दोन अंक, शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये अधिक-उण्याची खूण. फाइल मजकूर समजून सरसकट रूपांतरित केली की या रकमांचा चुराडा होतो. म्हणून प्रत्येक रकाना त्याच्या प्रकाराप्रमाणे वेगळा बदला, आणि नव्या डेटाबेसमध्ये रकमेसाठी डेसिमल प्रकारच वापरा, फ्लोट (अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार) कधीही नाही.

पूर्णांकनाकडेही बारकाईने बघा. 18.457 टन ऊस, दर 3,145 रुपये: रक्कम 58,047.265. कोबोलमध्ये ‘राउंडेड’ लिहिलेले नसेल तर पुढचा अंक कापला जातो आणि 58,047.26 येतात, पूर्णांकन करणारा नवा प्रोग्राम 58,047.27 दाखवेल. फरक एका पैशाचा, पण हजारो बिलांच्या बेरजेत तो ऑडिटरला दिसणारच. जुन्या यंत्राने इतकी वर्षे जे केले तेच नव्याने करावे, शंका असेल तर हिशेबनिसांकडून लेखी घ्या.

नावे मराठीत असतील तर ती इस्कीत (भारतीय लिप्यांच्या जुन्या प्रमाण संकेतात) आहेत की एखाद्या जुन्या फाँटच्या संकेतात, हे आधी ओळखा. इस्की युनिकोडमध्ये नेणे सोपे. फाँटचा संकेत असेल तर त्या फाँटचा स्वतंत्र तक्ता करावा लागतो. जोडाक्षरे आणि रफार माणसाने डोळ्यांखालून घालावेत. शेतकऱ्याचे नाव पासबुकाप्रमाणे नसले तर पैसे अडकू शकतात.

चाचणीला गेल्या हंगामातला एक पूर्ण पंधरवडा घ्या, सगळी बिले दोन्हीकडे काढा आणि पैशापर्यंत ताडून बघा. आडसाल, खोडवा, तोडणी-वाहतूक कपात, वारसनोंद झालेली खाती, सगळे प्रकार त्यात यायला हवेत. नव्या हंगामातले पहिले काही पंधरवडे दोन्ही यंत्रे समांतर चालवा. कोणत्या फरकाला थांबायचे, जुन्यावर परत जायचा निर्णय कोण घेणार, हे आधीच लिहून ठेवा.

एक पूर्ण हंगाम आणि त्याचे ऑडिट होईपर्यंत जुने यंत्र मोडीत काढू नका. काढताना डिस्क आणि टेप आपल्या समोर नष्ट करून घ्या, त्यांत सभासदांचे खाते क्रमांक आहेत.