रविवारी माळावर रिमोटचं विमान उडवायला येताय? मग शनिवारी रात्रीपासूनची ही तयारी

गेल्या रविवारी दोन नवीन पोरं माळावर आली, खोक्यातनं नवंकोरं ट्रेनर, म्हणजे शिकायचं विमान काढलं, गाडीच्या बॉनेटवर ठेवलं, बॅटरी जोडली आणि तिथंच थ्रॉटल देऊन, म्हणजे मोटर फिरवून बघायला लागली, समोर दोन फुटांवर एकाची लहान बहीण उभी. मी पळत जाऊन आधी बॅटरी काढायला लावली. पोरांना कुणी सांगितलंच नव्हतं. उडवायचं कसं ते व्हिडिओत बघायला मिळतंय, पण उभं कुठं राहायचं, ओरडायचं काय, आधी कुणाला विचारायचं हे तिथं नसतंय. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय, शनिवारी रात्री वाचा आणि मग बॅग भरा.

सुरुवात बॅटरीपासनं. थ्री सेल लिपो (तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी) फुल झाली म्हणजे १२.६ व्होल्ट, एका सेलला ४.२, त्याच्या वर नाही. २२०० एमएएचची असली तर चार्जरवर २.२ अँपिअर ठेवा, कितीही घाई असू दे. बॅलन्स लीड (सगळे सेल सारखे भरायची बारकी वायर) लावल्याशिवाय चार्ज करायचीच नाही, आणि चार्जिंगला लावून झोपायचं नाही, जेवायला दुसऱ्या खोलीत गेलात तरी काढून ठेवून जा. जागा म्हणजे फरशी, गादी नाही, लाकडी कपाट नाही. मी एका जुन्या घमेल्यात वाळू घालून त्याच्यात ठेवतो, शेजारी अजून एक डबा वाळू. पापडासारखी फुगलेली बॅटरी कितीही महाग आणलेली असू दे, ती आता विमानात जायची नाही. ट्रान्समीटरची, म्हणजे हातातल्या रेडिओची बॅटरी पण याच वेळी बघा, विमानाची फुल आणि रेडिओची अर्धी असं लई जणांचं होतंय.

मग विमान टेबलावर घ्या. प्रत्येक एलरॉन (पंखाची हलणारी पट्टी), एलिव्हेटर (शेपटीची आडवी), रडर (शेपटीची उभी) हलक्या हातानं ओढून बघा, बिजागरी सुटत असली तर आत्ता सुटू दे. या पट्ट्या हलवणारी बारकी मोटर म्हणजे सर्वो, त्याच्या हॉर्नचा (दांडीचा) बारका स्क्रू, पुशरॉडची (जोडणाऱ्या तारेची) टोकं, मोटरच्या माउंटचे स्क्रू, सगळं एकेक बोट लावून. प्रॉप (मोटरवरचा पंखा) उजेडासमोर धरून थोडा वाकवायचा, केसाएवढी चीर दिसली तरी टाकून द्या, फेविक्विक लावून पुन्हा बसवू नका, मिनिटाला हजारो फेरे फिरताना तुकडा उडाला तर तो कुठं जाईल ते कुणाला सांगता येत नाही. शेवटी सीजी, म्हणजे विमानाचा तोल जिथं राहतो ती जागा. बॅटरी आत घालूनच बघायचा, पंखाच्या पुढच्या कडेपासनं रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर दोन्ही बाजूंनी बोटं लावून विमान उचलायचं, सरळ किंवा नाक जरासं खाली राहिलं पाहिजे. तुमच्या मॉडेलच्या कागदात आकडा दिलेला असला तर तोच धरा. शेपूट जड असलं की हातातनं सुटल्या सुटल्या नाक वर करतंय, लटपटतंय आणि एका पंखावर येऊन आदळतंय, नवीन माणसाला ते सावरता येत नाही.

आता नियमाचं. आपली विमानं पण २०२१ च्या ड्रोन नियमांत येतात, फक्त चार पंख्यांचं तेच ड्रोन असं नाही. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, तिथनं २ किलोपर्यंत मायक्रो, २ ते २५ किलो स्मॉल. नॅनोला, आणि धंद्यासाठी नसेल तर मायक्रोलाही, पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, पण झोन (सरकारनं नकाशावर रंगानं आखलेला भाग) मात्र सगळ्यांना पाळावाच लागतो. हिरव्या झोनमध्ये जमिनीपासनं ४०० फूट, म्हणजे साधारण १२० मीटर, आणि चालू विमानतळाच्या हद्दीपासनं ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात फक्त २०० फूट. बेळगावला सांबऱ्याला विमानतळ आहे, तिथंच एअर फोर्सचं ट्रेनिंग स्कूल, शहरात कॅम्प (लष्कराची छावणी) आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, त्यामुळं शहराच्या आसपास मोकळं मैदान दिसलं म्हणून विमान काढायचं हे डोक्यातनं काढून टाका. म्हणूनच तर आम्ही इकडं हुक्केरी-संकेश्वरच्या बाजूला माळावर येतो. तरी आदल्या रात्री सरकारी एअरस्पेस मॅप उघडून ती जागा पुन्हा बघायची, मंत्र्याचा दौरा नाहीतर कसला बंदोबस्त असला की तात्पुरता रेड झोन, म्हणजे परवानगीशिवाय उडवायला बंदी, लागू शकतो. उंचीचा अंदाज नवीन माणसाला येत नाही, तर एवढं धरा, विमान वर आहे की खाली, येतंय की जातंय हे नुसत्या डोळ्यांनी कळायचं बंद झालं की ते लई लांब गेलंय, परत आणा.

बॅगेत काय काय तर दोन जादा प्रॉप, स्क्रूड्रायव्हर, ॲलन की, टेप, झिप टाय, व्होल्टेज बघायचा चेकर, बॅटऱ्यांसाठी लिपो बॅग, वाळूचा डबा (हो, माळावर पण), टोपी, गॉगल, बूट. चप्पल नको, माळावर काटे आहेत आणि पळायची वेळ येते. प्यायचं पाणी पोटभर घ्या, तिथं झाड नाही. फर्स्ट एडमध्ये नुसत्या चिकटपट्ट्या ठेवू नका, प्रॉपची जखम खोल असती, स्वच्छ सुती कापडाच्या मोठ्या घड्या आणि क्रेप बँडेज पाहिजे, घडी जखमेवर घट्ट दाबून हात वर धरायचा आणि सरळ दवाखाना. एकटं यायचं नाही ते याच्यासाठीच.

माळावर पोचल्यावर विमान काढायच्या आधी माणसं बघा. माळ आपला नाही. गुरं चारायला येणाऱ्यांचा आहे, पावसाळ्यानंतर धनगर मेंढरं घेऊन उतरतात त्यांचा आहे, कडेच्या उसाच्या मालकाचा आहे. जाऊन बोला, आज किती वाजेपर्यंत उडवणार ते सांगा, मेंढरं कुठल्या बाजूला नेणार ते विचारून घ्या. आम्हाला इतकी वर्षं तिथं कुणी हटकलं नाही ते एवढ्यासाठीच. मराठी सगळ्यांना येते असं धरू नका, निम्मी माणसं कन्नड बोलतात आणि धावपळीत माणसाला आपलीच भाषा कळती. "विमान बराकत्तैति, स्वल्प हिंद सरीरी" एवढं तरी पाठ करा, विमान यायला लागलंय, जरा मागं सरका. मागचा 'री' विसरू नका, तो आपला 'हो' आणि 'जी' आहे. आमच्यातला एक जण मराठीत "बाजूला व्हा" ओरडत राहिला आणि माळावरचे एक आजोबा तिथंच उभे, मग दुसऱ्यानं "सरीरी" म्हटल्यावर लगेच हलले. त्या दिवसापासनं आम्ही दोन्ही भाषांत ओरडतो.

जागा मांडताना आधी वारा. चिमूटभर माती सोडून बघा. थंडीत सकाळी बहुतेक पूर्वेचा गार वारा असतो, उन्हाळ्याच्या शेवटी पश्चिमेचा सुरू होतो, आणि जूनमध्ये तो इतका वाढतो की त्यानंतर आम्ही दोन-तीन महिने बंदच ठेवतो. उडवायचं आणि उतरवायचं वाऱ्याच्या समोर. धावपट्टी पूर्व-पश्चिम धरली तर आपण दक्षिणेच्या कडेला उत्तरेकडं तोंड करून उभं राहायचं, थंडीत सूर्य पाठीशी राहतोय. मग कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी फक्कीची एक लांब रेघ मारा. रेघेच्या पुढं विमान, रेघेवर पायलट, पाच-सात पावलं मागं विमानं जोडायची जागा, आणि त्याच्याही मागं तीस-चाळीस पावलांवर गाड्या, बघणारी माणसं, डबे. रेघेच्या मागच्या हवेत विमान न्यायचं नाही, वळण चुकलं तरी नाही, कुणी फोटो मागितला तरी नाही. बघायला आलेल्या पोरांना हाकलू नका हो, रेघेमागं बसवा, एखाद्याला सांगा की मेंढरं इकडं वळली की ओरड, तो दिवसभर मन लावून ते काम करतोय.

बॅटरी जोडायच्या वेळचं मात्र नीट वाचा, इथं माझी दोन बोटं गेली असती. तीन वर्षांमागं फेब्रुवारीत, थंडी म्हणून अंगात जर्किन, रेडिओ गळ्यातल्या पट्ट्याला लटकवलेला. बॅटरी जोडली, हॅच (बॅटरीवरचं झाकण) लावायला पुढनं वाकलो आणि जर्किनच्या चेनीला अडकून थ्रॉटलची काडी वर सरकली. दहा इंची प्रॉप होता. उजव्या हाताची दोन बोटं कापली, आणि विमान थांबत नव्हतं, मांडीवर चढायला बघत होतं, डाव्या हातानं बॅटरीची वायर ओढावी तर ती बरोबर प्रॉपच्या मागं. मित्रानं पंखाच्या मागनं हात घालून वायर तोडली. पाच टाके पडले, अजून थंडीत ते बोट नीट वाकत नाही. तेव्हापासनं रेडिओवर एक स्विच थ्रॉटल कटला (मोटर बंद ठेवायला) दिलेला आहे आणि तो दाबलेला असल्याशिवाय बॅटरीला हात नाही. रेडिओ आधी चालू, विमान नंतर. उतरल्यावर उलटं, विमानाची बॅटरी आधी, रेडिओ नंतर. बॅटरी जोडताना दुसऱ्या माणसानं विमान मागनं धरायचं, आपला हात पंखाच्या मागनं, आणि प्रॉपच्या समोर किंवा बाजूला त्याच्या रेषेत कुणी नाही. बॅटरी जोडली म्हणजे मोटर चालू आहे असंच समजून वागा, ती फिरत नसली तरी.

त्यानंतर दिशा. विमानाच्या मागं उभं राहून काडी उजवीकडं, उजवं एलरॉन वर गेलं पाहिजे आणि डावं खाली. काडी स्वतःकडं ओढली की एलिव्हेटर वर. रडर उजवीकडं म्हणजे उजवीकडं. हे मोठ्यानं म्हणत करायचं आणि शेजारच्यानं बघायचं, नुसतं "हलतंय, हलतंय" म्हणून सोडायचं नाही, उलटं पण हलतंयच की. सर्वो बदलल्यावर, रेडिओत दुसरं मॉडेल निवडल्यावर हमखास उलटं होतंय. मग फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की मोटर आपोआप थांबते का ते, विमान घट्ट धरून रेडिओ बंद करा, मोटर थांबली पाहिजे. शेवटी रेडिओ रेंज चेकवर (कमी ताकदीवर) टाकून तीस पावलं चालत जा आणि बघा, सगळं न अडखळता हलतंय का. पाच मिनिटं जातात.

रेघेवर आल्यावर तोंड बंद ठेवून उडवणं हा इथला सगळ्यात वाईट गुण. "टेकऑफ", "लँडिंग", "मैदानात जातोय", मोठ्यानं, आणि शेजाऱ्यानं "हां" म्हटल्यावरच. "डेडस्टिक" ऐकलं, म्हणजे कुणाची मोटर बंद पडली, की बाकीच्यांनी वर राहायचं आणि पट्टी मोकळी सोडायची, त्याला दुसरी संधी नसती. पट्टीवर माणूस असताना कुणी उतरवायचं नाही. पहिले पाच-सहा रविवार शेजारी एक शिकलेला माणूस उभा पाहिजे, त्यानं विमानाकडं नाही, आकाशाकडं आणि माळाकडं बघायचं. खरं विमान नाहीतर हेलिकॉप्टर ऐकू आलं की लगेच खाली. घारी दुपारी गरम हवेवर फिरायला येतात, त्यांच्या मागं लागू नका, दुसऱ्या बाजूला सरका. टायमर लावा, नवीन बॅटरीला पाच मिनिटं, उतरून व्होल्टेज बघा, सेल ३.७ च्या खाली दिसला तर पुढच्या वेळी चार.

आणि विमान उसात गेलं तर, जाणारच कधीतरी. पायलटनं जागा सोडायची नाही, जिथं गेलं त्या दिशेला हात करून उभं राहायचं, पलीकडचं झाड किंवा खांब धरून ठेवायचा. थ्रॉटल कट दाबा, पण रेडिओ बंद करू नका. दुसऱ्यानं त्या रेषेत चालत जायचं, पायलटनं रडर डावी-उजवी करत राहायचं, सर्वोचा किर्रर्र आवाज दहा पावलांवरनं येतो, काही ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा भाग) तर थोडा वेळ गप्प राहिलं की आपणच पिपाणी वाजवतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, उसाचं पान कापतंय, आणि काठी आपटत जा, सापाला वाट मिळू दे. आधी मालकाला विचारायचं, दहा फूट ऊस आडवा करत शिरायचं नाही. सापडल्यावर पहिलं काम बॅटरी बाहेर काढून लगेच उसाबाहेर नेणं, खाली वाळलेलं पाचट असतंय आणि मार बसलेली लिपो दहा-पंधरा मिनिटांनी पण पेट घेती. वाळूच्या डब्यात ठेवून अर्धा तास नजर ठेवा. तोडणीच्या दिवसांत, पाचट कोरडं ठणठणीत असताना, आम्ही त्या कडेला उडवतच नाही. विमान विजेच्या तारेवर अडकलं तर बांबू नको, दगड नको, हेस्कॉमच्या (इकडच्या वीज कंपनीच्या) लाइनमनला फोन, नाही आला तर विमान तिथंच राहू दे.

निघताना झिप टायचे तुकडे, प्रॉपचे तुकडे, टेप, फोमचे दाणे सगळं वेचून घ्या, मेंढरं चरताना ते तोंडात घेतात. माळावरच्या आजोबांना सांगून निघा, पुढच्या रविवारी येणार की नाही ते पण सांगा. बॅटऱ्या उन्हात बंद गाडीत सोडून चहाला थांबू नका, पिशवी बरोबर घेऊन उतरा. घरी आल्यावर न वापरलेल्या आणि अर्ध्या राहिलेल्या सगळ्या सेलला ३.८ वर आणून वाळूच्या घमेल्यात ठेवा, आणि कुठला स्क्रू सैल वाटला, कुठला सर्वो अडखळला ते त्याच रात्री कागदावर लिहून विमानाच्या पंखाला चिकटवा, पुढच्या शनिवारपर्यंत आठवत नाही.