स्टोअर पेजच्या चित्रांची तयारी: आधी 120 बाय 45

चित्रकाराला ॲडव्हान्स द्यायच्या आधी स्क्रीनवर 120 बाय 45 पिक्सेलचा एक चौकोन काढा आणि त्यात गेमचं नाव टाकून बघा. स्टीमवर, म्हणजे संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, शोधताना, याद्या चाळताना गिऱ्हाइकाला आपला गेम पहिल्यांदा बहुतेक एवढाच दिसतो. दुकानात गेमचं नाव घेऊन दिसणाऱ्या चित्राला कॅप्सूल म्हणतात. त्यातली स्मॉल कॅप्सूल आपण 462 बाय 174 ची देतो, तिच्या लहान आवृत्त्या स्टीम स्वतः तयार करतं. म्हणजे चित्र जवळपास चौपट आक्रसतं. तुम्ही चार पिक्सेल जाड काढलेली रेघ तिथे एका पिक्सेलची होते, दोन पिक्सेलची तर गायबच.

नाव देवनागरीत ठेवायचं असेल तर हा हिशोब आणखी कडक होतो. 45 पैकी 27 पिक्सेल उंची लोगोला दिली तरी वरची वेलांटी-मात्रा आणि खालचा उकार मिळून त्यातली निम्मी जागा खातात. अक्षराच्या अंगाला तेरा-चौदा पिक्सेल उरतात. ‘थाळनेर’ असं नाव तरतं, कारण खाली काही लोंबत नाही आणि वर एकच मात्रा आहे. ‘सातपुड्याची भुयारं’ मात्र शाईचा डाग दिसेल. जोडाक्षरांच्या पोटातली पोकळी आधी बुजते, म्हणून अक्षर जाड करण्यापेक्षा मोकळं करा. शिरोरेषा अक्षराच्या दांड्याहून थोडी बारीक ठेवा, नाहीतर नावावर नुसती आडवी पट्टीच उठून दिसते. नाव दोन ओळींत मोडू नका. रोमन लिपीतलं नाव हेच स्टोअरवरचं अधिकृत नाव असेल तर कॅप्सूलवरही तेच टाका. दोन्ही लिप्या एकत्र कोंबल्या की एकही वाचता येत नाही.

आता मापं लिहून भिंतीला चिकटवा. स्टोअरसाठी हेडर 920 बाय 430, स्मॉल 462 बाय 174, मेन 1232 बाय 706 आणि उभी व्हर्टिकल 748 बाय 896. लायब्ररीसाठी, म्हणजे गिऱ्हाइकाने घेतलेल्या गेमच्या यादीसाठी, उभी कॅप्सूल 600 बाय 900, आणखी एक 920 बाय 430 चा हेडर, हिरो (लायब्ररीत गेमच्या पानावर वर पसरणारं रुंद चित्र) 3840 बाय 1240, आणि पारदर्शक पार्श्वभूमीचा पीएनजी लोगो वेगळा. स्टोअरच्या चार कॅप्सूलची जुनी मापं याच्या बरोबर निम्मी होती आणि नेटवरच्या बऱ्याच तयार टेम्प्लेटमध्ये अजून तीच सापडतात, तेव्हा फुकटचं टेम्प्लेट घेतलंत तर आधी मापं तपासा.

एवढे आकार निघणार, तर एकसंध सपाट चित्र काढून कातरत बसायचं नाही. पाया म्हणून 3840 बाय 2160 चा कॅनव्हास घ्या. त्यातून हिरोची आडवी पट्टी पूर्ण रुंदीत निघते आणि उभ्या कॅप्सूललाही उंची पुरते. आकाश, डोंगर, किल्ला, पात्रं, पुढची झाडं आणि लोगो यांचे लेअर वेगवेगळे हवेत. पात्राच्या मागचा भागही रंगवून घ्या. हे करारात लिहिलं नाही तर पात्र बाजूला सरकवताच मागे पांढरं भगदाड निघतं आणि चित्रकार त्याचे वेगळे पैसे मागतो, ते बरोबरच आहे. लेअरसकट मूळ फाइल, सगळीकडे वापरण्याचा लेखी हक्क आणि कच्च्या आराखड्याच्या निदान दोन फेऱ्या, हे तिन्ही आधी ठरवून घ्या.

चित्रात काय असावं, यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. समजा गेम फारुकी सुलतानांच्या खानदेशातला आहे, म्हणजे 1382 ते 1601 च्या दरम्यानचा. नायिका भिल्ल तिरंदाज, मागे थाळनेरचा किल्ला आणि तापीचं पात्र. हे सगळं एकाच चित्रात घालायचा मोह होतो. लहान आकारात एक चेहरा किंवा एक ठळक आकृती टिकते, फार तर सोबतीला आणखी दोघं. गेममध्ये टोळी जमवून आळीपाळीने लढायचं असेल तर तिघं दाखवा. एकटीनेच लढायचं असेल तर एकटीच दाखवा, कारण रोल-प्लेइंग, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायचे गेम, खेळणारा माणूस पात्रांच्या संख्येवरूनच गेमचा अंदाज बांधतो. तीरकामठा काढताना इंग्रजी फँटसीतलं दुहेरी वळणाचं धनुष्य उचलू नका. भिल्लांचा कामठा बांबूचा, साध्या एका वळणाचा असतो. त्याची दोरी लहान आकारात दिसणारच नाही, त्यामुळे ओळख पटायला हवी ती ताणलेल्या हाताच्या कोनावरून. हात चेहऱ्यावर आडवा येऊ देऊ नका; आकाशाच्या मोकळ्या भागावर काळी आकृती स्वच्छ उठली पाहिजे.

रंगाचंही असंच. स्टीमचं पान गडद निळसर आहे. काळ्या बेसॉल्टचा किल्ला आणि त्यावर रात्र, असं चित्र त्यात बुडून जातं. कुठे संपलं तेच कळत नाही. आपल्याकडे वैशाखातलं पांढरंफटक ऊन, कापूस फुटलेलं रान, रावेर-यावलकडच्या केळीचा हिरवा, असे रंग हाताशी आहेत. त्यातला एक उजळ रंग कडेपर्यंत न्या. संदर्भाला फोटो काढायला थाळनेरच्या हजिऱ्यांकडे (जुन्या कबरींच्या इमारतींकडे) किंवा धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यावर जाणार असाल तर सकाळी लवकर जा. दुपारच्या उन्हात दगडाचं कोरीव काम सपाट दिसतं.

हिरो चित्रावर अक्षर नको, लोगो स्टीम वरून बसवतं. खिडकीच्या आकाराप्रमाणे कडा कापल्या जातात, म्हणून महत्त्वाचं ते मधल्या 860 बाय 380 मध्ये ठेवा. बाकी कॅप्सूलवर गेमचं नाव आणि उपनाव, एवढंच. पुरस्कार, परीक्षणातले तारे, ‘50 टक्के सूट’ यांना 1 सप्टेंबर 2022 पासून बंदी आहे. मोठ्या अपडेटची घोषणा करायची असेल तर ठरावीक मुदतीची वेगळी कॅप्सूल लावायची सोय आहे, ती वापरा.

स्क्रीनशॉट निदान पाच, 1920 बाय 1080, आणि फक्त प्रत्यक्ष खेळातले. रंगवलेलं चित्र इथे चालत नाही. पहिल्या चारांत लढाई, पर्याय दिसणारा संवाद, सामानाची किंवा पात्राच्या गुणांची खिडकी, आणि गाव किंवा नकाशा, असं येऊ द्या. मेन्यू लपवून नुसता देखावा टिपायची खोड अनेकांना असते. रोल-प्लेइंगच्या गिऱ्हाइकाला आकडेच बघायचे असतात, तेव्हा मेन्यू राहू द्या. संवादाच्या चौकटीत ‘टेस्ट टेस्ट’ किंवा अर्धवट भाषांतर राहिलेलं नाही ना, तेवढं बघा. किमान चार स्क्रीनशॉट सगळ्या वयांना चालतील असे निवडून तशी खूण करा.

चित्रं एआयने केली असतील, अर्धी केली असली तरी, कंटेंट सर्व्हेत, म्हणजे गेममध्ये काय आहे ते विचारणाऱ्या स्टीमच्या प्रश्नावलीत, ते सांगावं लागतं. चित्रकारालाही आधीच विचारून ठेवा.

मग चाचणी. कॅप्सूल याच प्रकारच्या वीस गेमच्या मधोमध चिकटवा, स्क्रीन काळी-पांढरी करा, हातभर लांबून बघा. मग गेमबद्दल काहीच माहीत नसलेल्या दहा जणांना दोन सेकंद दाखवून लपवा आणि विचारा, ‘हाई काय शे?’ (अहिराणीत ‘हे काय आहे?’) ‘शेतीचा गेम’ असं उत्तर तिघांकडून आलं तर केळीची बाग कमी करा. ‘मस्त आहे’ हे उत्तर धरू नका, त्यातून काही कळत नाही.

पानाच्या तपासणीला साधारण 3 ते 5 कामाचे दिवस लागतात, आणि ‘लवकरच येत आहे’ हे पान रिलीजच्या निदान 2 आठवडे आधी उघडं असावं लागतं. तारीख ठरली की त्यातून एक दुरुस्तीची फेरी वजा करा. शुक्रवारी रात्री पाठवलेलं काम शनिवार-रविवार तसंच पडून राहतं, म्हणून सोमवारी पाठवा. फाइलच्या नावात माप आणि तारीख दोन्ही घाला. ‘फायनल_फायनल_2’ हे नाव ज्या फाइलला दिलं जातं तीच हमखास चुकीची अपलोड होते.