डिक्कीच्या काठावरचे पांढरे ओरखडे घरीच कसे घालवावेत

निपाणी-चिकोडीकडे असो की खानापूरकडे, आपल्या गाडीच्या डिक्कीत सामानाबरोबर तांदळाची पोती, दुधाचे कॅन आणि शेतातली खुरपीही जातात. त्यातून डिक्कीच्या काठावरच्या आणि दारांच्या आतल्या बाजूला खाली असलेल्या प्लॅस्टिकवर पांढरे ओरखडे उठतात. गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक आधी तिथेच बोट फिरवतं आणि भाव पाडतं. यातले बरेचसे ओरखडे घरी निघतात, पण आधी प्लॅस्टिक कोणतं आहे ते ओळखा.

डिक्कीचा काठ आणि दाराचा खालचा भाग सहसा पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे पीपीचा असतो. कडक आणि दाणेदार. सुट्या भागाच्या मागच्या बाजूला ‘पीपी-टी 20’ असं कोरलेलं असेल, तर त्यात 20 टक्के टाल्कची, म्हणजे एका मऊ खनिजाची पूड आहे. रंग या प्लॅस्टिकच्या आरपार असतो, वरून दिलेला नसतो. ओरखड्याने पृष्ठभाग फाटतो, उजेड विखुरतो आणि ती रेघ पांढरी दिसते. म्हणून रंगाचा डबा आणायची घाई नको. खोबरेल तेल लावलं की रेघ दिसेनाशी होते खरी, पण दोन दिवसांत त्यावर लाल माती चिकटून बसते.

आता कामाला लागू. गाडी सावलीत लावा, दारं उघडी ठेवा. खानापूर भागातली लाल धूळ कोरड्या फडक्याने कधीही पुसू नका, त्यातली रेती नवे ओरखडे पाडते. आधी व्हॅक्यूम किंवा मऊ ब्रश, मग साबणाचं पाणी, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. पूर्वीच्या पॉलिशचा थर निघालाच पाहिजे, नाहीतर उष्णतेने तो तिथेच भाजतो. पावसाळ्यात दाण्यांमध्ये ओल राहते, तेव्हा भाग पूर्ण वाळू द्या.

ओरखड्याची कड वर आली असेल तर नव्या ब्लेडने ती आडवी तासा. खोल खणू नका.

मग हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारं यंत्र. ती नसेल तर हेअर ड्रायरने हलके ओरखडे थोडेफार जातात. पीपी साधारण 160-165 अंश सेल्सिअसला वितळतं आणि हीट गनची हवा त्याच्या कितीतरी वर जाते. म्हणून सगळ्यात कमी सेटिंग ठेवा, गन 15-20 सेंटीमीटर लांब धरा आणि हात सतत फिरता ठेवा. आधी चटईखाली झाकल्या जाणाऱ्या कोपऱ्यावर करून बघा. काही क्षणांत पांढरी रेघ गडद होऊ लागते. तिथे थांबा, थंड होऊ द्या, गरज वाटली तर पुन्हा उष्णता द्या. ‘अजून थोडं’ म्हणून गन रोखून धरली की दाणे वितळतात आणि त्या जागी चकचकीत डाग पडतो. मग तो ओरखड्यापेक्षा जास्त डोळ्यांत भरतो आणि परत निघत नाही.

स्टीअरिंगच्या मध्यभागी, समोरच्या प्रवाशापुढच्या डॅशबोर्डवर आणि काचेशेजारच्या खांबांवर ‘एअरबॅग’ असं लिहिलेलं असेल तिथे गन अजिबात नेऊ नका. तिथलं आवरण ठरलेल्या जागी फाटावं म्हणूनच बनवलेलं असतं. त्याचा आकार बिघडला तर जिवाशी गाठ.

सगळ्याच भागांना उष्णता चालत नाही. काळ्या चकचकीत पॅनलला पॉलिशिंग कंपाउंड आणि मायक्रोफायबर कापड लागतं. त्यावर टूथपेस्ट घासू नका, बारीक रेघांचं जाळं तयार होतं. बोटाला रबरासारखं मऊ लागणारं आवरण असेल तर अल्कोहोलनेही ते विरघळू शकतं, तेव्हा एका कोपऱ्यात चाचणी घ्या. नख अडकेल एवढी खोल खाच उष्णतेने भरत नाही. पीपीवर फिलर (खाच भरायचा लेप) किंवा रंग धरायला प्लॅस्टिक प्रायमर, म्हणजे खालचा चिकट थर लागतो, तो न लावता केलेलं काम काही महिन्यांत सालीसारखं सुटतं. बेळगावातल्या उद्यमबागेसारख्या ठिकाणच्या चांगल्या पेंटरकडे गेलात तर पहिला प्रश्न हाच विचारा, प्रायमर लावणार का. पॅनल सुटं निघत असेल तर जुन्या सुट्या भागांच्या दुकानात तेच मॉडेल शोधणं बहुधा परवडतं.

काम झाल्यावर डिक्कीच्या काठावर जाड रबरी पट्टी टाका. पोतं आत ओढत नेण्याऐवजी दोघांनी उचलून ठेवा.